धनुष्य आणि सुई

मुलींच्या पुढें कोणती स्त्री आदर्श म्हणून ठेवावी, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. सीता ठेवावी कीं द्रौपदी, सावित्री ठेवावी कीं झांशीची लक्ष्मीबाई, यावर मासिकांचीं पानेंच्या पानें खर्चीं पडलीं आहेत. आणि ज्यांच्या हिताकरितां तीं खर्चीं पडलीं त्या मुलींनीं त्यांतलें एखादें तरी वाचलें असेल कीं नाहीं याची शंकाच आहे. मुली आपला आदर्श निबंधांतून घेत नाहींत, गोष्टींतून घेतात. आणि आजच्या मुलीची गोष्ट बहुधा पडद्यावर चालते-बोलते. चितारलेल्या आकृतींना हालचाल देऊन केलेले जे चित्रपट, ज्यांस हल्लीं ॲनिमेशनपट म्हणतात, त्यांतील राजकन्या आज आपल्या घरांत दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर, वाढदिवसाच्या केकवर आणि रात्रीं अंगावर घ्यावयाच्या पांघरुणावरहि येऊन बसली आहे. तिच्याविषयीं गंभीरपणें लिहिल्यानें वाङ्मयीन मासिकाच्या प्रतिष्ठेस कमीपणा येतो असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं शकुंतला आणि सिंड्रेला यांपैकीं तुला कोण ठाऊक आहे, असें आपल्या घरांतील सहा वर्षांच्या मुलीस एकदां विचारून पाहावें.

या राजकन्यांवर आजवर जी टीका झाली ती बहुतेक एकाच मापानें झाली आहे. जुनी राजकन्या निजते, रडते, राजपुत्राची वाट पाहते. नवी राजकन्या धांवते, लढते, घोडा उधळते. सबब जुनी त्याज्य आणि नवी ग्राह्य. हें माप अगदींच खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेनें १९३७ सालीं ‘स्नो व्हाइट’ काढला तेव्हांपासून आजपर्यंत राजकन्येच्या पायांत बळ आलें आहे हें कोणासहि दिसेल, आणि तें आलें याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु शौर्य हा गुण मोजण्यास सोपा आणि विकण्यास त्याहून सोपा. म्हणून टीकाकार आणि व्यापारी दोघेहि त्यावर इतके खूष असतात, असा आमचा संशय आहे. आमच्या मतें मुलीला या राजकन्येकडून जें मिळावयास हवें, आणि जें फार क्वचित् मिळतें, तें निराळेंच आहे. स्वतःच्या हातून चूक होण्याचा, आणि ती स्वतःच्याच हातानें निस्तरण्याचा अधिकार, हें तें होय.

हें आम्हांस कोणत्या ग्रंथावरून सुचलें नाहीं. पिक्सार या अमेरिकन संस्थेचा ‘ब्रेव्ह’ हा २०१२ सालचा चित्रपट आम्ही आमच्या आठ वर्षांच्या भाचीबरोबर पाहत होतों. आरंभींच एक प्रचंड अस्वल पडद्यावर चालून येतें. आम्ही दचकलों, ती वाटींतले चुरमुरे खात स्वस्थ बसून होती. परंतु पुढें भांडणाच्या भरांत आई आपल्या मुलीचें धनुष्य उचलून विस्तवांत फेंकते, त्या क्षणीं तिनें आमचा हात घट्ट धरला, आणि थोड्या वेळानें हळूच विचारलें, “मामा, आतां त्या दोघी बोलणारच नाहींत का?” चित्रपटाच्या नांवाचा अर्थ ‘शूर’ असा, भिंतीवरच्या जाहिरातींत ताणलेलें धनुष्य, आणि पाहणाऱ्या मुलीची चिंता ही! तेव्हांपासून आम्हीं या वर्गांतले जुने-नवे चित्रपट पुन्हां एकदां पाहिले. ते राजकन्येच्या पराक्रमाकडे लक्ष देऊन नव्हे, तर तिच्या चुकांकडे लक्ष देऊन. जें दिसलें तें येथें मांडतों.

प्रथम दिसलें तें हें कीं जुन्या राजकन्या चुकतच नाहींत. स्नो व्हाइट विषारी सफरचंद खाते खरी, पण ती फसविली जाते. १९५० सालची सिंड्रेला दुबळी आहे असें म्हणण्याची चाल पडली आहे. आम्हांस तो अन्याय वाटतो. पहांटेपासून रात्रीपर्यंत राबून, तिघींचीं बोलणीं ऐकून घेऊन, मनाचा तोल न जाऊं देणें यास दुबळेपणा म्हणणाऱ्यानें एक आठवडा तरी परक्याच्या घरीं भांडीं घासून पाहावीं. तिचें उणें असेल तर तें निराळें आहे. तिचा पोशाख उंदीर आणि पांखरें मिळून शिवतात, सावत्र बहिणी तो फाडतात, आणि देवमाता दुसरा देते. शिवणें, फाडणें, पुन्हां देणें, सर्व दुसऱ्यांचें; तिनें फक्त सोसावयाचें. १९५९ सालच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’मधील ऑरोरा तर स्वतःच्याच गोष्टींत पाहुणी म्हणून येऊन जाते. चातीचें टोंक तिच्या बोटास लागतें तेंहि भूल पडलेल्या अवस्थेंत. या तिघींवर कोणी बोट ठेवूं शकत नाहीं, आणि मुलीनें घ्यावें असें त्यांच्यांत कांहीं राहत नाहीं तें यामुळेंच. निर्दोष माणसाशीं आठ वर्षांच्या मुलीनें मैत्री करावी तरी कशी? तिच्या हातून रोज एक पेला फुटत असतो.

१९८९ सालच्या ‘द लिटल मर्मेड’मधील एरियल मात्र चुकते, आणि चांगली खणखणीत चुकते. बापाची आज्ञा मोडून, आपला आवाज गहाण टाकून, ती समुद्रांतील चेटकिणीशीं करार करते. येथें गोष्टीला खरा रंग भरावयास हवा होता. परंतु करार अंगाशीं येतांच बाप तिच्या जागीं सही करतो, आणि चेटकिणीचा नाश राजपुत्र आपल्या जहाजाच्या नाळीनें करतो. जिनें गांठ मारली तिला ती सोडावी लागत नाहीं. हान्स आंडरसन यांनीं १८३७ सालीं लिहिलेल्या मूळ कथेंत जलकन्येच्या हातीं शेवटीं सुरी येते. राजपुत्रास मारून आपला जीव वांचविण्याची तिला मुभा असते, आणि ती सुरी समुद्रांत टाकून देते. त्या शोकान्त कथेची लहान मुलांपुढें शिफारस करावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यांत मुलीच्या निवडीची किंमत मुलगीच देते. चित्रपटानें शेवट गोड केला त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तो गोड करतांना त्यांतील कर्तृत्व बापाच्या आणि नवऱ्याच्या पदरांत टाकलें, याबद्दल आहे.

यानंतर ज्या शूर राजकन्या आल्या त्यांच्याविषयीं एक शोध फार उद्बोधक आहे. कार्मेन फॉट आणि कॅरेन आयझेनहॉवर या दोन भाषाशास्त्रज्ञ स्त्रियांनीं डिस्नेच्या राजकन्यापटांतील संवाद मोजले, आणि ते आंकडे २०१६ सालीं प्रसिद्ध झाले. ‘स्नो व्हाइट’मध्यें सुमारें निम्में बोलणें स्त्रियांचें आहे, ‘सिंड्रेला’मध्यें शेंकडा ६०, ‘स्लीपिंग ब्यूटी’मध्यें शेंकडा ७१. आणि मग जिला आपण प्रगति म्हणतों ती सुरू होते. ‘द लिटल मर्मेड’मध्यें शेंकडा ६८ बोलणें पुरुषांचें, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्यें ७१, ‘मुलान’मध्यें ७७, आणि ‘अलादिन’मध्यें तर ९०! ‘मुलान’ हा चित्रपट १९९८ सालचा. त्यांतील मुलगी म्हाताऱ्या बापाच्या जागीं पुरुषवेषानें सैन्यांत जाते आणि सबंध चीन वांचविते. बादशहा तिच्यापुढें मान लववितो. तिचें शौर्य निर्विवाद आहे. परंतु तिच्या भोंवतीं बोलणारे सैनिक पुरुष, सेनापति पुरुष, शत्रु पुरुष, आणि हंसविण्याकरितां बरोबर दिलेला चिमुकला नागदेखील पुरुषच.

हे आंकडे ऐकून कोणी म्हणेल कीं बोलण्याच्या ओळी मोजून कला कळत नाहीं. खरें आहे, पण एकटेपणा कळतो. शूर राजकन्या ही बहुधा आईवेगळी मुलगी असते. स्नो व्हाइट, सिंड्रेला, एरियल, बेल, जॅस्मिन, पोकाहाँटस, कोणालाहि आई नाहीं. आत्या नाहीं, आणि बहुतेकींना जिवाभावाची बहीण किंवा मैत्रीणहि नाहीं. आतां चूक ही अशी वस्तु आहे कीं ती कोणाच्या तरी बाबतींत व्हावी लागते. जिचें कोणी दुखावण्याजोगें जवळ नाहीं ती चुकणार कोणापाशीं, आणि क्षमा मागणार कोणाची? अशा मुलीला शत्रु तेवढा देतां येतो, आणि शत्रु दिला कीं हातीं शस्त्र द्यावेंच लागतें. शौर्याचा हा सुकाळ सद्गुणाच्या आवडीनें झाला त्याहून अधिक माणसांच्या दुष्काळानें झाला, असें आम्हांस वाटतें.

आतां ‘ब्रेव्ह’कडे येऊं. कथा मध्ययुगांतील स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतली. राजा फर्गस दिलदार आणि आडदांड. राज्य खरें चालतें तें राणी एलिनोरच्या नजरेवर. भर दरबारांत हाणामारी जुंपलेली असतां ती नुसती मधून चालत जाते आणि सगळे थबकतात. तिची थोरली मुलगी मेरिडा. तांबड्या कुरळ्या केंसांचें रान, घोड्यावर रपेट आणि पाठीला भाता. रीतीप्रमाणें तीन टोळ्यांच्या सरदारांचे थोरले मुलगे तिच्या पाणिग्रहणासाठीं पैज लावणार असतात. पैज कोणती हें राजकन्येनें ठरवावयाचें. ती नेमबाजी ठरविते. थोरल्या अपत्यांनीं उतरावें असा नियम आहे, तेव्हां आपणहि थोरलें अपत्यच आहों असें सांगून ती स्वतः मैदानांत उतरते, अंगांत रुतणारा पोशाख उसवून हात मोकळा करते आणि तिन्ही निशाणें वेधते. आपल्या वाचकांस येथें द्रौपदी-स्वयंवर आठवेल. फरक इतकाच कीं येथें वधूच मत्स्यवेध करते आणि स्वयंवर मोडते.

टीकाकारांनीं टाळ्या वाजविल्या त्या येथें. परंतु हा प्रसंग चित्रपटाच्या पहिल्या भागांतच संपतो, आणि खरी गोष्ट त्यापुढें सुरू होते. दालनांत माय-लेकींचें भांडण होतें. भिंतीजवळ राणीनें स्वतः भरलेला भरतकामाचा एक पट टांगलेला आहे. त्यांत सबंध कुटुंब हातांत हात घालून उभें आहे. मेरिडा तलवार उपसून तो पट आईच्या आणि आपल्या आकृतींच्या बरोबर मधून फाडते. (चित्रपट या शब्दाचा मूळ अर्थच चितारलेलें वस्त्र असा आहे, याची आम्हांस त्या क्षणीं उगाच आठवण झाली.) आई धनुष्य विस्तवांत टाकते. मुलगी रडत धांवत निघून जाते. आणि ती गेल्याबरोबर आई तें धनुष्य विस्तवांतून बाहेर ओढते आणि तेथेंच खालीं बसून रडूं लागते. मुलीला हें दिसत नाहीं. आपल्याला दिसतें. भाचीनें आमचा हात सोडला तो येथें.

या भांडणाच्या आधींचा एक लहानसा प्रसंग आम्हांस सबंध चित्रपटांत सर्वांत सुंदर वाटला. राणी राजापाशीं मन मोकळें करीत आहे, आणि राजा मुलीचा आवाज काढून तिला उत्तरें देत आहे. तिकडे मुलगी तबेल्यांत घोड्यापाशीं तेंच करीत आहे. दोन्ही प्रसंग एकाआड एक दाखविले आहेत, आणि एकीचें वाक्य दुसरीच्या वाक्याला असें चपखल बसतें कीं तो एकच संवाद व्हावा. उणीव एवढीच कीं त्या दोघी एका खोलींत नाहींत. आपल्याकडील घरांत हें किती घडतें! आई शेजारणीपाशीं सांगते, मुलगी उशीपाशीं सांगते, आणि दोघीहि म्हणतात कीं मी सांगून थकलें.

पुढें मेरिडा रानांतील एका चेटकिणीकडून आईचें मन पालटण्याचा तोडगा मागते. मंतरलेला केक खातांच आईचें मन न पालटतां देह पालटतो. ती अस्वल होते. ही चूक निर्भेळ मुलीची आहे. तिला कोणी भुलविलें नाहीं, कोणी फसविलें नाहीं. तिनें मागून घेतलें. आणि या नाटककर्त्यांचें मानवी स्वभावाचें ज्ञान पाहा, कीं आई अस्वल होऊन पुढ्यांत उभी असतां ती मुलगी पुनःपुन्हां हेंच म्हणत राहते कीं दोष माझा नव्हे, त्या चेटकिणीचा. आमची भाची येथें पहिल्यानें मोठ्यानें हंसली. तिला तें वाक्य कोठून तरी ओळखीचें वाटलें असावें.

त्यानंतरचा नदीकांठचा प्रसंग सावकाश पाहण्यासारखा आहे. अस्वल झालेली राणी सकाळीं रानांतून फळें गोळा करते, काटक्यांचे काटे-चमचे मांडते आणि राजघराण्याला शोभेल अशा ऐटींत न्याहारीस बसते. तीं फळें विषारी आहेत, हें मुलगी सांगते. मग मुलगी बाणानें मासे मारते, आगटीवर भाजते आणि आईला भरविते. ज्या धनुष्याला आई दोष देत होती त्यानें आज तिचें पोट भरतें. धनुष्य तेथें पराक्रमाचें साधन राहत नाहीं, तव्या-पोळपाटाच्या पंगतीला येऊन बसतें. मुलगी आईला कांहीं शिकवीत आहे, आणि आई तें शिकत आहे, असा प्रसंग राजकन्यांच्या चित्रपटांत आम्हांस दुसरा आठवत नाहीं. आईच्या कलेचीहि पाळी येते. दरबारांत टोळ्या पुन्हां एकमेकांवर उठल्या असतां मेरिडा आईसारखीच मान ताठ करून त्यांच्या मधून चालत जाते आणि बोलूं लागते; मागें कोपऱ्यांत लपलेलें अस्वल हातवारे करून तिला पुढचें वाक्य सुचवितें. मुलगी आईची रीत मान्य करून लग्नाला होकार देणार तोंच आई खुणेनें तिला थांबविते, आणि ज्यानें त्यानें आपलें मन पाहून लग्न करावें असें तिच्याच तोंडून वदविते. येथें कोण जिंकलें? आम्हांस सांगतां येणार नाहीं, आणि हीच त्या प्रसंगाची खुबी आहे.

शेवटीं मेरिडा सुई घेते. भरधांव घोड्यावर बसून ती तो फाटलेला पट शिवते. जी सुई तिला आईच्या शिस्तीचें आणि बैठ्या बंदिवासाचें चिन्ह वाटत होती, ती तिनें घोड्यावर नेली. आमच्या मतें सबंध चित्रपटांतील तिचें सर्वांत धीट कृत्य हें. तिसऱ्या बाणानें आधींच्या बाणाचे दोन तुकडे केले तें नव्हे. आणि लेखकांनीं याहिपुढें एक पाऊल टाकलें आहे. शिवलेला पट अस्वलाच्या अंगावर घातला तरी कांहीं होत नाहीं. दुसरा सूर्योदय होऊं लागतो, आणि तो झाला कीं आई जन्मभर अस्वलच राहणार. तेव्हां ती मुलगी अस्वलाच्या गळ्यांत पडून रडते आणि चूक आपली होती असें प्रथमच कबूल करते. मग आई परत येते. नुसते टांके पुरत नाहींत.

चित्रपट निर्दोष आहे असें मात्र कोणीं समजूं नये. तिन्ही सरदार आणि त्यांचे पुत्र केवळ हंशाकरितां आहेत. तो हंशाहि पुष्कळदां उघड्या पार्श्वभागाच्या पातळीवर उतरतो. पुरुष मूर्ख दाखविल्यानें स्त्री शहाणी ठरते हा समज आमच्याकडील नाटकांतूनहि होता, आणि तो तेथेंहि खोटाच होता. अस्वलाच्या पाठलागांत वेळ फार जातो. पण हे दोष पृष्ठभागावरचे आहेत.

चुकीला असें मध्यवर्ती स्थान देणारे चित्रपट अगदींच नाहींत असें नाहीं. ‘द लिटल मर्मेड’ ज्यांनीं दिग्दर्शित केला त्याच रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर या जोडीनें सत्तावीस वर्षांनीं, २०१६ सालीं, ‘मोआना’ दिग्दर्शित केला. त्यांत मागें फिर असें सांगितलें असतां नायिका हट्टानें नाव पुढें घालते, सोबत्याचें शस्त्र मोडतें, तो सोडून जातो, आणि मग ती एकटी पुन्हां त्याच वाटेला लागते. शिकण्यास उशीर झाला, पण ते शिकले. २०१३ सालच्या ‘फ्रोझन’मध्यें दोन बहिणी आहेत, आणि धाकटीचा त्याग हृदयास भिडतो, परंतु जिच्या हातून सबंध राज्यावर हिंवाळा कोसळला त्या थोरलीला उपाय एका क्षणांत उमगतो, तेव्हां निस्तरणें म्हणजे काय तें दिसतच नाहीं. जपानांत हायाओ मियाझाकी यांनीं १९८४ सालीं काढलेल्या चित्रपटांतील नौशिका ही या सर्वांत वडीलधारी शोभावी. तीहि राजकन्या आहे. पण तिचा छंद विषारी अरण्यांतील रोपटीं तळघरांत वाढवून त्यांचा अभ्यास करण्याचा. स्वच्छ पाणी आणि स्वच्छ माती मिळाली तर तीं विषारी राहत नाहींत, हें तिनें स्वतः प्रयोग करून शोधलें आहे. बापाला मारलेलें पाहतांच ती संतापानें बेभान होऊन शत्रूचे अनेक शिपाई ठार करते. एक वृद्ध योद्धा आपल्या अंगावर वार घेऊन तिला आवरतो. दुसऱ्या एखाद्या चित्रपटांत हा तिच्या शौर्याचा कळस ठरला असता. येथें ती नंतर तळघरांत बसून रडते, आणि आपल्याला स्वतःच्याच रागाची भीति वाटते असें सांगते. पुढें ती जें जें करते त्यावर त्या भीतीची छाया आहे.

आपल्या श्रावणांतल्या कहाण्या ज्यांनीं लहानपणीं पाटावर बसून ऐकल्या त्यांस हें सर्व परकें वाटूं नये. त्या कहाण्यांतली राणी पुष्कळदां उतते, मातते, घेतलेला वसा टाकते, आणि वैभव गमावून बसते. मग पुन्हां वाट तुडवीत मूळ ठिकाणीं येते. तिथली चूक देवाशीं झालेली असते आणि उपाय व्रताचा असतो, हा भेद खरा. पण चूक करणारी बाई गोष्टीच्या मध्यभागीं बसूं शकते, तिला दुष्ट ठरवून हांकलून द्यावें लागत नाहीं, हें आमच्या आज्यांना ठाऊक होतें.

येथें एक आक्षेप येईल. मुलीपुढें चुकणारी नायिका ठेवली तर मुलगी चुका शिकणार नाहीं काय? साहित्यानें आदर्श द्यावा कीं जीवन दाखवावें, हा वाद आपल्याकडे फडके-खांडेकरांच्या निमित्तानें इतका झडला आहे कीं तो येथें पुन्हां पेटविण्याची आमची इच्छा नाहीं. पण मुलें जें पाहतात तेंच होतात, ही समजूत फार ढोबळ आहे एवढें मात्र सांगूं. सेरा कॉइन या अमेरिकन संशोधिकेनें २०१६ सालीं १९८ मुलामुलींच्या निरीक्षणावरून असें प्रसिद्ध केलें कीं राजकन्यांच्या नादीं लागलेल्या मुली वर्षभरानें ‘मुलींनीं असेंच वागावें’ अशा ठरीव चाकोरींत अधिक पडतात. त्यावर चिंतेचे पुष्कळ लेख आले. त्याच बाईंनीं २०२१ सालीं थोड्या मोठ्या झालेल्या मुलांविषयीं लिहिलें, तेव्हां चित्र उलटलें होतें: लहानपणीं राजकन्यांत रमलेल्या मुलांचीं स्त्रियांच्या स्थानाविषयींचीं मतें पुढें अधिक उदार निघालीं. अर्थात् मूल गोष्टींतून काय उचलील आणि तें केव्हां वापरील याचा हिशेब आईबापांच्या हातीं नाहीं. म्हणून तर त्या गोष्टींत उचलण्याजोगें कांहीं पुष्कळ असावें.

तें यावयाचें कोठून, हा प्रश्न मग चितारणाऱ्याच्या हातापर्यंत जातो. ‘स्नो व्हाइट’ प्रसिद्ध झाल्यानंतर, १९३८ सालीं, डिस्ने संस्थेनें नोकरी मागणाऱ्या एका तरुणीस पाठविलेलें उत्तर आज उपलब्ध आहे. कल्पकतेचें काम आमच्याकडे स्त्रिया करीत नाहींत, तें तरुण पुरुष करतात. मुलींना रेषा शाईनें गिरविण्याचें आणि त्यांत रंग भरण्याचें काम मिळूं शकतें, असा त्याचा आशय आहे. अर्ध्या शतकानंतर ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ लिहिणाऱ्या लिंडा वुल्व्हर्टन यांनीं आपली नायिका नकाशावर टांचण्या टोंचून पुढें पाहावयाच्या देशांच्या जागा दाखवीत आहे असा प्रसंग लिहिला, तर तो चितारून परत आला तेव्हां ती मुलगी स्वयंपाकघरांत केक सजवीत होती! ‘ब्रेव्ह’ची कल्पना ब्रेंडा चॅपमन यांची, आपल्या लहान मुलीशीं रोज होणाऱ्या खटक्यांतून ती सुचली असें त्यांनीं सांगितलें आहे. पिक्सारनें दिग्दर्शनासाठीं नेमलेल्या त्या पहिल्या स्त्री. काम अर्ध्यावर असतां २०१० सालीं त्यांना दूर करून मार्क अँड्र्यूज यांस आणलें गेलें. स्त्रियांच्या हातांत जी सुई होती ती त्यांच्याकडून काढून घेतली असें आम्ही म्हणणार नाहीं, कारण मूळ वीण त्यांचीच राहिली, आणि २०१३ सालचें ऑस्कर पारितोषिक दोघांस मिळून मिळालें.

त्याच वर्षाच्या मे महिन्यांत मेरिडेस डिस्नेच्या राजकन्यांच्या अधिकृत मालिकेंत समारंभपूर्वक घेण्यांत आलें. त्यासाठीं तिचें नवें चित्र काढलें. कंबर बारीक झाली, केंस वळणावर आले, गळा खालीं उतरला, आणि धनुष्य नाहींसें झालें. चॅपमन यांनीं जाहीरपणें कडक निषेध केला; दोन लाखांहून अधिक लोकांनीं निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. तो राग आम्हांस पूर्णपणें योग्य वाटतो. फक्त एक गोष्ट खटकली. तिचें धनुष्य तिला परत द्या, असें पुष्कळांनीं म्हटलें. सुईची आठवण कोणास झाल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. व्यापाऱ्यानें तिचें शस्त्र काढून घेतलें, आणि तिच्या कैवाऱ्यांनीं तिला शस्त्रापुरतीच ओळखली.

भाचीच्या वाढदिवसास आम्हीं मेरिडेची बाहुली नेली. दुकानांत शोधून, धनुष्य असलेली नेली. भाचीनें खोकें उघडलें, बाण मोजले, मग खोकें उलटें करून आंत पाहिलें आणि विचारलें, “हिची आई कुठाय?” ती त्या खोक्यांत नव्हती, आणि त्या दुकानांतहि आम्हांस दिसली नव्हती. तेव्हां तिनें कपाटावरचें आपलें जुनें, एका कानाशीं उसवलेलें कापडी अस्वल काढून बाहुलीशेजारीं बसविलें, आणि आपल्या आईकडे सुई-दोरा मागावयास गेली.